निव्वळ वजन

तुम्ही कागद पाहिलात, पोर पाहिलं नाहीत. खुर्चीतून अर्धं बूड न उचलता सांगून मोकळे झालात, की वजन वाढतंय ना, मग थोडं दूध टाकलं तर टाकू दे, घरी जा. बाळाची मान धरून बघायची सोडून तुम्ही त्याचं कार्ड धरून बघितलंत आणि पुढच्या नंबराला हाक मारलीत. पाच दिवस झाले त्याला. पाच दिवस पोरगी आमच्यासमोर वाळत गेली आणि आम्ही तुमच्या एका वाक्यावर भरवसा टाकून गप्प बसलो. डिग्री काय भिंतीला शोभा म्हणून लावलीय?

दशरथ हे भांडण साजगावहून कर्जतपर्यंत घोकत आला. कामाची पाळी अर्धवट टाकून, मालकाला नुसतं ‘पोरगी आजारी’ एवढं ओरडून त्यानं मोटरसायकल काढली होती. फोन त्याच्या बायकोचा, ऋतिकाचा. बावीस दिवसांची बाय सकाळपासून पीत नाही, छातीशी घेतली की पाठ ताणते, रडायलाही तिच्यात जोर उरलेला नाही, आणि ऋतिका सासूला सोबत घेऊन दहिवलीहून रिक्षानं त्याच डॉक्टरकडे निघाली आहे. पळसदरीच्या वळणांवर वाक्यं आपोआप जुळत गेली. हेल्मेटच्या आत तो मोठमोठ्यानं बोलत होता आणि स्वतःच्याच श्वासानं काच धुरकट होत होती. घशाशी आंबट आलं. ते रोजचंच. त्यानं एका हातानं काच वर सारली, खिशातली गुलाबी गोळी काढून दातांखाली फोडली, चुन्यासारखी चव तोंडभर पसरली, आणि त्याला बरं वाटलं. गोळीनं नव्हे, रागानं. रागात माणूस कसा ताठ बसतो. रागात असलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही. भिवपुरीच्या कुण्या माणसानं म्हणे मागे एकदा अशाच एका डॉक्टरची कॉलर धरली होती. दशरथला तो माणूस आत्ता सख्ख्या भावासारखा वाटत होता.

दवाखान्याच्या पडवीत बाकावर त्याची आई सोनाबाई बसली होती. मांडीवर रुमालाची गाठ, गाठीवर दोन्ही हात. त्याला बघून ती उठली नाही. ‘सिस्टरनी समदं उतरवलं रं,’ ती म्हणाली. ‘कापडं, कुंची, चांदी. काळा दोरासुदा कापला. मी म्हनलं सवा महिना होऊ दे, तर माज्यावरच खेकसली.’ तिनं रुमाल त्याच्या हातात दिला. गाठ आतून खुळखुळली. वाळे, बिंदल्या, कमरेची साखळी. त्या रुमालाला वजन होतं. दशरथच्या तळहातानं ते वजन जोखलं, त्याच्या मनाला विचारलंही नाही. बारा वर्षं काट्यावर काढलेला तळहात तो, त्याला सवयच तशी. दीडशेच्या वर, दोनशेच्या आत. आणि घोकून आणलेल्या भांडणातलं पहिलं वाक्य तिथंच त्याच्या तोंडात अडकलं, जेवताना दाताखाली खडा यावा तसं.

दशरथचं काम वजाबाकीचं. साजगावच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर जमिनीत बसवलेला लोखंडी काटा आहे, त्याच्या बाजूला पत्र्याची केबिन, केबिनीत दशरथ. भंगाराचा ट्रक येतो, भरलेला तोलतो. आत जाऊन माल उतरवतो, परत येतो, रिकामा तोलतो. भरलेल्यातून रिकामं वजा केलं की उरतं ते निव्वळ. पावतीवर तीन ओळी असतात, पण बाकी दोन्हींना कुणी विचारत नाही, मालाची किंमत तिसरीवर ठरते. आणि या दोन तोलांच्या मध्ये माणसाची सगळी अक्कल चालते. पाण्यानं भरलेलं पिंप टपाखाली ठेवायचं आणि माल उतरवताना ओतून द्यायचं. ओली ताडपत्री आणायची आणि जाताना आतच विसरायची. जादा चाक, जादा जॅक, सीटखाली वाळूचं पोतं. दशरथ केबिनीतून उतरून चाकांमागे वाकून बघायचा, टपावर चढायचा, पिंपावर बोटांनी टकटक करायचा. ‘दशरथभाऊच्या काट्यावर माशी बसली तरी वजा होते,’ असं ड्रायव्हर लोक म्हणायचे, काही कौतुकानं, बरेचसे शिव्या घालत. शिव्या त्याला जास्त आवडत. घरी आला की जेवताना तो आज कुणाला पकडलं ते सांगायचा आणि ऋतिका ताटात वाढताना म्हणायची, ‘तुमाला फसवनारा आजून जल्माला यायचाय.’

आत गेल्यावर त्याला बाय दिसली. टेबलावर दिव्याखाली उघडी ठेवली होती. आजवर त्यानं तिला उघडी कधी पाहिलीच नव्हती. तेल लावून अंघोळ घालणं बायकांचं काम. त्याच्या हातात ती यायची ती गुंडाळलेलीच, कुंची, झबलं, दुपटं, वर शाल, त्यातून बाहेर लिंबाएवढं तोंड. गुंडाळलेली पोरगी चांगली भरदार लागायची हाताला. आता तिच्या फासळ्या मोजता येत होत्या. मांडीची कातडी सैल, वळी पडलेली, जणू दुसऱ्या कुणाची तिला घालायला दिली आहे. तोंडाच्या कोपऱ्यात दुधाचा फाटलेला थेंब. वास आला, आणि तो वास दशरथनं शंभर लोकांत ओळखला असता. तो त्याचा स्वतःचा वास होता. पहाटे उशी ओली होते तेव्हा येतो तो.

‘तुम्ही वडील ना? बसा,’ डॉक्टर म्हणाले. चाळिशीचा माणूस, डोळ्यांखाली सूज, टेबलावर बायचं तेच गुलाबी कार्ड. पाच दिवसांपूर्वी इथं लोकलच्या डब्यासारखी माणसं कोंबलेली, पोरं केकाटत होती, आणि याच माणसानं कार्डावर नजर टाकून त्यांना घरी धाडलं होतं. दशरथ बसला नाही. बोलायचं होतं ते उभ्यानं बोलायचं होतं. पण डॉक्टर आधी बोलले. ‘जन्माचं वजन दोन किलो साडेसहाशे. चौदाव्या दिवशी दोन आठशे, म्हणजे छान वाढलेलं. आज दोन तीनशे ऐंशी. हे बघा, आठ दिवसांत एवढ्याशा बाळानं चारशेवीस ग्रॅम टाकले तर मी ते नुसत्या ओकारीवर नाही ढकलू शकत. रक्तात जंतू गेले असतील असं धरूनच चालावं लागतं. रक्त घेऊ, लघवी तपासू, आणि पाठीच्या मणक्यातून सुईनं थोडं पाणी काढावं लागेल. मेंदूपर्यंत काही गेलंय का ते त्यातच कळतं. रक्ताचं आत्ताच घेतो. पाठीसाठी तुमची सही लागेल.’

चौदाव्या दिवशी दोन आठशे. हा आकडा डॉक्टरनं असा उच्चारला की जणू दगडावर कोरलेला आहे. सिस्टरनं बायचा हात धरला, उलटा केला, थोपटला, शीर शोधली. सुई गेली. बायनं तोंड उघडलं पण आवाज फार उशिरानं आला, तोही मांजराच्या पिल्लासारखा. रक्त आलं नाही. ‘शीरच सापडत नाही, सुकलीय पार,’ सिस्टर म्हणाली आणि दुसरा हात धरला. दशरथ उभा होता. हातात रुमाल होता. आता बोल, असं त्याच्या आत कुणीतरी म्हणालं, आणि दुसरं कुणीतरी म्हणालं, थांब, आधी ते काय करतात बघू.

चौदावा दिवस म्हणजे बारशाचा रविवार. ऋतिकाला आई नाही म्हणून बाळंतपण सासरीच झालं होतं, आणि माहेरची बाजू राखायला तिचा भाऊ संतोष त्या दिवशी सकाळीच चांदी घेऊन आला होता. भाचीच्या अंगावर त्यानं ती स्वतःच्या हातानं घातली. मामाची चांदी सव्वा महिना उतरवायची नाही, हा सोनाबाईच्या घरचा रिवाज. तिच्या सासूनं तिला सांगितलेला. अंगणात भावकी बसलेली. बायका पाळण्यात वाकून बघायच्या आणि एकमेकींकडे बघायच्या. भावकीतली गजाची आई म्हणाली, ‘उंदराच्या पिलायेवडी हाय गं, दूद बिद मिलतं का न्हाय?’ लोक हसले. दशरथही हसला. हसताना त्याचे कान तापले होते. आणि नेमक्या तेव्हाच आशाताई आली, गावातल्या बाळंतिणींची सरकारी नोंद ठेवणारी जयवंता, खांद्याला पिशवी, पिशवीत लटकता काटा आणि कापडाची झोळी. तिला त्या दिवशी बारसं आहे हे ठाऊक नव्हतं. तिच्या वहीत चौदावा दिवस होता एवढंच. ‘बालाला उगडी करा,’ ती म्हणाली. ‘अंगावर कायबी नको.’ सोनाबाईनं नकार दिला. चांदी उतरणार नाही, आणि या थंडीत पोर उघडं करायचं नाही. जयवंता चिडली नाही, तिला अशी घरं नवी नव्हती. ती दशरथकडे वळली. ‘मंग असं करू, आता हाय तशी तोलू. चांदी आन् कापडं मागून वेगली तोलू नि वजा करू. भाऊ, तुमीच काट्यावर असता, तुमाला काय मी शिकवायचं?’

झोळी टांगली. आकडा हलला, डगमगला, थांबला. दोन आठशे. ‘आगं बाय, वाडली की,’ कुणीतरी म्हणालं, आणि अंगणातली सगळी तोंडं फिरली. गजाच्या आईचंही फिरलं. दशरथला तो क्षण जिभेवर गोड लागला. जयवंता म्हणाली, ‘आता वजा—’ आणि तो म्हणाला, ‘राहू दे गं ताई. लिव. दुपट्याचं काय वजन नि काय वजा. च्या घे.’ जयवंतानं त्याच्याकडे बघितलं. भरलेल्या अंगणात, घरच्या कर्त्या पुरुषापुढे, बारशाच्या दिवशी, ती तरी किती ताणणार? तिनं लिहिलं. दशरथनं तो आकडा संध्याकाळपर्यंत चार जणांना सांगितला. काट्यावरही सांगितला, दुसऱ्या दिवशी, एका ड्रायव्हरला, ज्याची ओली ताडपत्री त्यानं नुकतीच उतरवायला लावली होती.

तिसरी सुई टाचेत गेली. तिथून रक्त आलं, सावकाश, दाट. सिस्टर ते नळीत थेंब थेंब पिळून घेत होती. बायचं तोंड आता उघडंच राहिलं होतं. ऋतिका दाराशी भिंतीला पाठ लावून उभी होती, पदराचं टोक तोंडात कोंबून. दशरथनं तिच्याकडे बघायचं टाळलं. गेला आठवडाभर तो तिच्याकडे नुसता रागानं बघत होता. दूध अंगावर टाकलं की म्हणायचा, ‘तू मिर्ची खातेस. तुजं दूद आंबट झालंय.’ मग मिरची बंद. मग आंबट बंद, मग तूरडाळ बंद, मग सुकी मासळी बंद. मुगाचं पाणी नि भात. ती खात होती मुकाट, आणि दुपारी पोरीला छातीशी घेऊन बसली की पोरगी चार घोट घ्यायची आणि एकाएकी धनुष्यासारखी मागं ताणायची, लाल व्हायची, तोंड फिरवायची. मग ती तिला पाटावर सपाट निजवायची, आणि पाटावर निजवलं की नाकातोंडातून दूध. ‘नाटकं हायत तिची,’ दशरथ म्हणाला होता एकदा. आठ वर्षं तो स्वतः दोन उशा घेऊन निजतो. सपाट पडलं की आतून निखारा वर चढतो हे त्याला ठाऊक. भूक असून घास नको वाटतो, कारण घासामागून आग येणार हे पोटाला आधी कळतं, हे त्याला ठाऊक. या घरात, या दवाखान्यात, कदाचित या अख्ख्या तालुक्यात हे त्याच्याइतकं नेमकं कुणाला ठाऊक नसेल. त्या पोरीला बोलता येत नव्हतं, पण ती जे सांगत होती ती त्याचीच बोली होती. आणि त्यानं तिला नाटकं म्हटलं. का? कारण तिचं दुखणं मान्य केलं असतं तर वजन मान्य करावं लागलं असतं. आकडा धरून ठेवायचा तर पोरगी खोटी ठरवणं भाग होतं. इतकं सरळ गणित. केबिनीत बसून रोज मांडतो तेवढंच सरळ.

पाच दिवसांपूर्वी इथंच डॉक्टरनं कार्ड हातात घेतलं होतं तेव्हाही तो शेजारी उभा होता. ‘वजन वाढतंय ना,’ डॉक्टर म्हणाले होते, आणि दशरथनं मान हलवली होती. हो. मान हलवली होती. येताना रस्ताभर घोकलेल्या भांडणात ही मान कुठंच नव्हती. सगळी वाक्यं होती, अगदी कॉलरपर्यंत सगळं होतं, तेवढी मान गाळली होती. माणूस स्वतःच्या पिंपातलं पाणी कसं बरोबर विसरतो.

‘पाठीच्या सुईसाठी इथं सही,’ सिस्टर म्हणाली. कागद पुढे आला, पेन पुढे आलं. ‘पोराला वाकडं करून धरावं लागतं घट्ट, आईबापांनी बाहेर थांबलेलं बरं.’ तिनं ते सवयीनं म्हटलं. टेबलावर बायला कुशीवर वळवायला सुरुवात झाली होती. पाठीचा कणा, मण्यांची माळ ठेवावी तसा एकेक मणका दिसत होता. दशरथनं पेन घेतलं. खरंच घेतलं. सहीतला ‘द’ काढलाही असता. सही केली तर काय होणार होतं? एक सुई. पाणी स्वच्छ निघेल, सगळे म्हणतील देव पावला, आणि दोन आठशे हा आकडा जन्मभर दोन आठशे राहील. कुणाला कळणार नव्हतं. जयवंता बोलली नसती, तिची नोकरी होती. आईला कळलंच नव्हतं. त्या एका क्षणात त्यानं हे सगळं नीट मांडून पाहिलं, एका पारड्यात पोरीची पाठ आणि दुसऱ्यात स्वतःचं तोंड, आणि पारडं लगेच कलंडलं नाही. हे तो नंतर कितीही वर्षं जगला तरी कुणाला सांगू शकणार नव्हता, की पारडं लगेच कलंडलं नाही.

‘डॉक्टर, ते वजन नाय,’ तो म्हणाला.

‘काय?’

‘चौदाव्या दिवसाचं. ते भरलेलं हाय. म्हंजे कापडांसकट. चांदीसकट.’ त्यानं रुमाल टेबलावर ठेवला, आणि गाठ सोडायला गेला तर बोटांना गाठ सुटेना. ‘ही एकशेसत्तरच्या आसपास. दुपटं, कुंची, झबलं, ओलं लंगोट धरून आनखी दोनशे. वजा केलं तर दोन चारशेतीस निघतं. आशाताईची चूक नाय. ती वजा करत व्हती. मीच म्हनलो राहू दे.’

डॉक्टरांनी हात वर केला. सिस्टर थांबली. बायला परत उताणं केलं. दशरथला वाटलं आता शिव्या येतील. त्या आल्या असत्या तर तो ताठ उभा राहिला असता. शिव्यांत उभं राहायची त्याला सवय होती. पण डॉक्टर कार्डावर वाकले, दोन आठशेवर एक रेघ मारली आणि बाजूला नवीन आकडा लिहिला. ‘त्या दिवशी मी तिला स्वतः तोलायला हवं होतं,’ ते म्हणाले. ‘काटा या टेबलावरच होता. गर्दी होती, पण ते काही कारण नाही. माझी चूक आहे.’ एवढंच. माणसानं एका दमात म्हणून टाकलं, पेनाला टोपण लावावं तसं. तेवढंच म्हणायला दशरथनं पाच दिवस आणि तीन सुया घेतल्या होत्या.

मग डॉक्टर ऋतिकाकडे वळून बोलले, तिला आत बोलावून, खुर्ची देऊन. म्हणाले, हे चित्र वेगळं आहे. एकदम चारशे ग्रॅम गेले नाहीत. जन्मापासून वजन चढलंच नाही, हळूहळू उतरत राहिलं. ‘पोटातलं आंबट वर येतं, बाळाचा घसा जळतो. प्यायलं की जळतं हे कळलं की बाळ पिणंच सोडतं. त्यानं वजन घटलं असेल. किंवा उलटंही असेल, आधी दूध कमी गेलं, बाळ अशक्त झालं, आणि अशक्त बाळाला दूध पोटात धरवत नाही. दोन्हींचा संबंध असू शकतो. छातीठोक आज नाही सांगणार. सोनोग्राफी करू, पोटाचं तोंड अरुंद नाही ना ते बघू. रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत औषध चालू ठेवू, पण पाठीची सुई आत्ता नको. ॲडमिट करतोय. दूध थोडं थोडं, मोजून, बाळाला उभं धरून. रोज वजन, उघडं करून.’

‘माज्या मिर्चीनं झालं का?’ ऋतिकानं विचारलं.

‘नाही. तुम्ही आजपासून नीट जेवा. तुमचंच वजन उतरलेलं दिसतंय.’

सिस्टरनं बायला गुंडाळून ऋतिकाच्या हातात दिलं, आणि तिनं पोरीला खांद्याशी उभं धरलं, जसं आत्ताच शिकवलं होतं तसं. पोरीचा गाल तिच्या मानेला टेकला. डॉक्टर दुसऱ्या खोलीत गेले, सिस्टर रक्ताची नळी घेऊन गेली. खोलीत तिघंच उरले. दशरथला काहीतरी बोलायचं होतं. म्हणायचं होतं की भावकी होती, अंगण भरलं होतं, गजाची आई काय बोलली ते तूही ऐकलंस. म्हणायचं होतं की शेवटी मीच सांगितलं की नाही. हे दुसरं वाक्य त्याच्या ओठांपर्यंत आलं, आणि आपल्याला आत्तासुद्धा शाबासकी हवी आहे हे जाणवून त्याच्या घशाशी असं काही आलं की गोळीनं ते उतरलं नसतं.

‘ऋतिका, मी—’

‘थांबा.’ तिचा आवाज अगदी हळू होता, पोरगी जागी होऊ नये एवढा. ‘बारशाचं मला नका सांगू. तितं मीबी बसलेली, मीबी ऐकलं नि गप व्हते, ते माजं मी बगीन. माजा सवाल येगला हाय.’ ती बायच्या टाचेवर बांधलेल्या कापसाच्या बोळ्यावर अंगठा ठेवून होती. ‘सिस्टर हात बदलून बदलून टोचत व्हती. तुमी रुमाल घेऊन हितं हुभे व्हते. तवा तुमाला म्हाईत व्हतं का?’

‘अगं, मी सांगनारच व्हतो, पर—’

‘पर नको. पैली सुई गेली तवा म्हाईत व्हतं का नाय? हो म्हना नायतर नाय म्हना. माज्याकडं बगा आन् बोला.’